घेवड्याचा वेल आणि आपली निवृत्ती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो आणि पौर्णिमेला जन्मकाळ होतो. पारायणाला बसणाऱ्या मंडळींकडे पाहिलं तर निम्म्याहून अधिक साठीच्या आगेमागे असतात. कुणी मागच्या वर्षी निवृत्त झालेलं, कुणाची दोन वर्षं उरलेली, कुणाला घरी बसून दहा वर्षं झालेली. वाचन संपल्यावर गप्पा निघतात त्या देवाच्या थोड्या आणि संसाराच्या जास्त. फंड किती मिळाला, मुलगा काय म्हणतो, सून कशी आहे, गुडघे कसे आहेत. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. महाराजांच्या दारात गृहस्थ आपला प्रपंच घेऊनच येतो. श्रीगुरुचरित्रात तरी दुसरं काय आहे? कुणाला पोटशूळ, कुणाला दारिद्र्य, कुणाला मूल नाही. महाराजांनी कुणालाही ‘प्रपंच बाहेर ठेवून ये’ असं सांगितलेलं नाही.

मी स्वतः चौतीस वर्षं पोस्टाच्या नोकरीत होतो आणि त्यातली बरीच वर्षं बचतीच्या खिडकीवर बसलो. निवृत्तीची रक्कम घेऊन आलेला माणूस मी शेकडो वेळा समोर पाहिला. म्हणून यंदाच्या अंकासाठी निवृत्तीचाच विषय घेतो आहे आणि सुरुवात अठराव्या अध्यायापासून करतो.

कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापूर गावी एक गरीब ब्राह्मण राहत होता. कोरान्न मागावं आणि कुटुंब पोसावं. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या वेलाच्या शेंगा शिजवायच्या आणि त्यावर भागवायचं. श्रीनृसिंहसरस्वती महाराज त्याच्या घरी भिक्षेला आले. घरात दुसरं काही नाही, तेव्हा त्या शेंगांचीच भाजी वाढली. महाराज तृप्त झाले, ‘तुझं दैन्य गेलं’ असा आशीर्वाद दिला आणि जाता जाता तो वेलच तोडून टाकला.

त्या माउलीने आकांत केला. मुलं रडू लागली. यतीला आपण जेवू घातलं आणि त्याने आमच्या तोंडचा घासच काढून नेला, असं ती बोलली. नवऱ्याने तिला समजावलं, गुरूंना दोष देऊ नको म्हणाला. तुटलेला वेल नदीत सोडावा आणि मूळही काढून टाकावं म्हणून त्याने खणायला घेतलं, तो खाली द्रव्याने भरलेला कुंभ लागला.

सज्जनहो, दरमहा एक तारखेला येणारा पगार हा आपल्या दारातला घेवड्याचा वेल आहे. तो मोठा नसतो, पण रोज शेंग देतो. ठरल्या दिवशी, मग ती वयाची ५८ असोत की ६०, तो वेल उपटला जातो. हार-शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात आणि दुसऱ्या दिवशी घर सुनं वाटतं. ते दुःख खोटं नाही. त्या माउलीचा आकांतही खोटा नव्हता. फरक इतकाच, की तिचा नवरा बसून राहिला नाही. तो उठला आणि मुळाशी खणू लागला. हे खणणं म्हणजेच निवृत्तीची तयारी.

या तयारीचं सार मला जे समजलं ते एका वाक्यात सांगतो: पैसा आपल्या हातात ठेवावा आणि हुकूम सोडावा. बहुतेक घरांत मी नेमकं उलटं पाहिलं. प्रेमापोटी पैसा एका वर्षात वाटून टाकतात आणि अधिकार मात्र शेवटच्या श्वासापर्यंत घट्ट धरून ठेवतात. मग पैशावाचून लाचारी येते आणि अधिकारामुळे भांडण होतं.

कपोताचं जाळं

यदुराजाने अवधूताला विचारलं, की तुम्ही असे निश्चिंत कसे? तेव्हा अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. भागवताच्या एकादश स्कंधात हा संवाद आहे आणि नाथमहाराजांनी आपल्या भागवतात तो मराठीत फुलवून सांगितला आहे. त्या चोविसांत अजगर आहे. समोर येईल ते खावं, न आलं तर पडून राहावं, ही त्याची वृत्ती. काही भाविक याचा आधार घेऊन म्हणतात, ‘बुवा, देव देईल हो, कशाला हिशेब?’ अहो, अजगरवृत्ती ही अवधूताची आहे. त्याच्यामागे बायको नाही, औषधाची बाटली नाही, विजेचं बिल नाही. गृहस्थाने चोविसांतून आपल्या आश्रमाला साजेल तो गुरू घ्यावा. आपल्यासाठी त्यात कपोत आहे.

कपोत म्हणजे कबुतर. नर-मादीचा जोडीचा संसार, घरट्यात पिल्लं. पारध्याने जाळं टाकलं, पिल्लं अडकली. मादीने पाहिलं आणि प्रेमाने वेडी होऊन तीही जाळ्यात शिरली. नराने ते पाहिलं आणि विलाप करत तोही शिरला. पिल्लं तर सुटली नाहीतच, वर सगळं कुटुंब पारध्याच्या झोळीत गेलं.

आता हे आजच्या घरात पाहा. मुलाला फ्लॅट घ्यायचा आहे, धंद्याला भांडवल हवं आहे, नातवाला परदेशी पाठवायचं आहे. आई-बाप फंडाची सगळी रक्कम काढून देतात, राहतं घर तारण ठेवतात, कर्जाला जामीन राहतात. मुलाला मदत करू नका असं मी म्हणत नाही. बाहेर उभं राहून जाळं ओढता येतं, आत शिरून येत नाही.

माझ्या ओळखीचं एक जोडपं होतं, मोठं भाविक. निवृत्तीची सगळी रक्कम त्यांनी मुलाच्या घरासाठी दिली. मुलगा गुणी, सूनही प्रेमळ, कुणी कुणाला कधी वाईट बोललं नाही. पण मुलाच्या पगारातला मोठा भाग हप्त्यात जात असे, हे दोघांना दिसत होतं. त्या बाईंना गाणगापूरला जाऊन निर्गुण पादुकांचं दर्शन घ्यायचं होतं. तीन वर्षं त्या गेल्या नाहीत. कारण काय, तर प्रवासाचे पैसे मुलाकडे मागायचे कसे? मागितले असते तर त्याने त्याच दिवशी दिले असते. त्यांनी मागितले नाहीत आणि त्याला कळलं नाही. यात दोष कुणाचा म्हणाल? कुणाचाच नाही. पण ज्या घरात आई देवाला जायचे पैसे मागायला संकोचते, त्या घरात काहीतरी हरवलेलं असतं. आपल्या हातात थोडं असणं हा लोभ नाही, मुलांच्या डोक्यावरचा भार त्याने हलका राहतो.

कुंभ कसा राखावा

आता थोडा व्यवहार. खिडकीवर बसून जे शिकलो तेच सांगतो.

पहिली गोष्ट महागाईची. ती वर्षाला सहा टक्के धरली तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. साठाव्या वर्षी घर ₹२०,००० मध्ये चालत असेल तर बहात्तराव्या वर्षी ₹४०,००० लागतील आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ₹८०,०००. आणि औषधपाणी तर उतारवयातच वाढतं. म्हणून आलेलं सगळं व्याज खाऊन टाकू नये, त्यातलं काही पुन्हा ठेवीत घालावं.

दुसरी गोष्ट, कुंभाचे तीन भाग करावेत. एक भाग वर्षभराचा घरखर्च आणि दवाखाना यासाठी, लगेच हाती येईल असा. दुसरा भाग नियमित उत्पन्नाचा. पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. साठीनंतर तीत ₹३० लाखांपर्यंत ठेवता येतात. पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त होणाऱ्यालाही निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ठेवता येते. मुदत पाच वर्षं आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. ८.२ टक्के दर धरला तर ₹१० लाखांवर तिमाहीला ₹२०,५०० होतात. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण आपण ठेवताना जो दर असेल तो मुदतभर कायम राहतो. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर ₹९ लाख आणि जोडखात्यात ₹१५ लाखांपर्यंत ठेवता येतात. तिसरा भाग पंचाहत्तरीनंतरचा. त्याला आज हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. बँक बुडाली तर ठेवविम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह ₹५ लाखांपर्यंतच भरपाई मिळते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याज देणारी पाटी दिसली तर आधी हे आठवावं.

चौथी गोष्ट आजारपणाची. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ₹५ लाखांपर्यंत उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे. कार्ड काढून ठेवा, आजारी पडल्यावर धावपळ नको. सत्तरीच्या आतल्यांनी नोकरीत असतानाच स्वतःचा आरोग्य विमा उतरवावा, कारण नोकरी गेली की कचेरीचा विमा बहुधा संपतो.

आणि एक गोष्ट खुद्द महाराजांचीच. अमरापूरच्या त्या दांपत्याला कुंभ सापडला तेव्हा ते धावत महाराजांकडे गेले. महाराजांनी काय सांगितलं? ही गोष्ट कुणाला सांगू नका, सांगितलीत तर लक्ष्मी घरात टिकणार नाही. ही आज्ञा आज किती नेमकी लागते पाहा! निवृत्तीची रक्कम जमा झाली की चारचौघांत आकडा सांगू नये. फोनवरून कुणी म्हणेल, ‘मी पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे’. अशी अटक कायद्यात कुठेही नाही. फोन ठेवून द्यावा आणि घरच्यांना सांगावं. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावं. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

वाटणी आधी, वाट नंतर

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी गृहस्थाश्रम सोडून निघतात तो प्रसंग आहे. मैत्रेयीशी त्यांचा आत्मज्ञानाचा संवाद तिथेच होतो. पण त्या थोर संवादाची सुरुवात कशाने आहे? मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघींत संपत्तीची नीट वाटणी करून देतो, असं ऋषी म्हणतात. ब्रह्मज्ञान्यानेही घर सोडण्याआधी व्यवहार मिटवला. आपण मात्र मृत्युपत्राचं नाव काढलं की म्हणतो, ‘अशुभ बोलू नका’.

मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. खात्यावर नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नव्हे. तो रक्कम ताब्यात घेतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्राप्रमाणे असतो. घर जिवंतपणी बक्षीस द्यायचंच असेल तर आपल्याला सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अशी अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. मुलावर अविश्वास म्हणून हे लिहायचं नाही. उद्या त्याच्यावर कसली वेळ येईल हे त्यालाही ठाऊक नसतं.

आणि पुरुषमंडळींना हात जोडून सांगतो, आपल्या पत्नीला पासबुक कुठे आहे, पेन्शन कुठल्या खात्यात येते, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कसा द्यायचा हे आजच दाखवा. नवरा गेल्यावर तेराव्याच्या आत कागद शोधत फिरणाऱ्या बाया मी खिडकीसमोर पाहिल्या आहेत. त्यांना दुःख करायलाही सवड मिळत नाही.

चोचीतला तुकडा

पैशाचं झालं. आता मनाचं, आणि ते जास्त अवघड आहे.

अवधूताचा एक गुरू कुरर पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला, त्याच क्षणी ते सारे सोडून गेले आणि त्याला सुख लाभलं. निवृत्त माणसाच्या चोचीतला तो तुकडा म्हणजे ‘माझं ऐकलंच पाहिजे’. कचेरीत पंधरा माणसं हाताखाली होती, आता एकही नाही. मग सकाळी सहाला घरातच कचेरी भरते. दूध कितीचं आणलं, दिवा का जळतो, भाजीत मीठ कुणी टाकलं. सूनबाई गप्प बसते, मुलगा उशिरा घरी येऊ लागतो आणि आपण म्हणतो, घरात किंमत राहिली नाही.

श्रीनृसिंहसरस्वती महाराज वाडीला बारा वर्षं राहिले. स्थान नावारूपाला आलं, भक्त जमू लागले. अशा वेळी महाराज तिथून उठले आणि गाणगापूरला गेले. वाडीला ठेवल्या त्या पादुका. गाणगापूरचं कार्य पूर्ण झाल्यावर तिथेही पादुका ठेवून ते कर्दळीवनाकडे निघाले. आसन धरून बसले नाहीत. आज शेकडो वर्षं झाली तरी दोन्ही क्षेत्री नित्य पूजा चालते. आपणही घरात पादुका ठेवाव्यात. म्हणजे आपला अनुभव, आपली शिस्त, आपला शब्द मागे ठेवावा आणि चालवणाऱ्याला चालवू द्यावं. विचारलं तर सांगावं, न विचारता सांगायचंच झालं तर एकदाच सांगावं.

नवरा-बायकोंविषयीही दोन शब्द. अवधूताने एका कुमारीलाही गुरू केलं. ती साळी कांडत होती आणि हातातली कांकणं वाजत होती. पाहुण्यांना आवाज जाऊ नये म्हणून तिने एकेक करत कांकणं उतरवली आणि हातात एकेकच ठेवलं, तेव्हा शांतता झाली. अवधूताने त्यातून एकांत घेतला. गृहस्थाने यातून इतकं घ्यावं, की चोवीस तास एकमेकांवर आपटत राहिलं तर आवाज होणारच. चाळीस वर्षं जिने सकाळी नऊ ते सहा आपलं घर आपल्या पद्धतीने चालवलं, तिच्या स्वयंपाकघरात अचानक देखरेख करणारा साहेब येऊन बसला तर तिने काय करावं? आणि तिला निवृत्ती कधी? आपला पगार थांबला, पण तिची पोळी थांबलेली नाही. सकाळचा चहा आपण करावा, भाजी निवडून द्यावी, दोन तास देवळात किंवा वाचनालयात घालवावेत. तिलाही तिचं भजनीमंडळ असू द्यावं.

हे सगळं निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करता येत नाही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. एवढा कारभार सांभाळूनही गुरुवार त्यांनी दत्तउपासनेसाठी राखला होता, असं परंपरेने सांगतात. त्यातला बोध नोकरीत असणाऱ्यांनी घ्यावा. आठवड्यातले चार तास आजच वेगळे काढा. त्या वेळात कचेरीचा फोन नाही. जप असो, मंदिरातलं अन्नछत्र असो, एखाद्या मुलाला गणित शिकवणं असो. निवृत्तीच्या वेळी तेच चार तास वाढवायचे असतात. ज्याच्याकडे चारही नाहीत, त्याला रिकामा दिवस खायला उठतो.

यंदाच्या दत्तजयंतीला देवापुढे नारळ ठेवताना पाच संकल्प करावेत. महिन्याचा खरा खर्च एका वहीत लिहीन. सगळी कागदपत्रं एका पेटीत ठेवून ती घरच्यांना दाखवीन. मृत्युपत्र पुढच्या पौर्णिमेच्या आत करीन. मुलांना काय देता येईल आणि काय देता येणार नाही, हे त्यांच्यासमोर प्रेमाने एकदा स्पष्ट बोलेन. आणि घरातला एक अधिकार, अगदी लहानसा का होईना, आजच सोडीन.

वेल उपटला जाणार हे ठरलेलं आहे. तो महाराजांच्या हाताने उपटला जावा आणि आपल्या हातात कुदळ असावी, इतकीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!